विटांचे सांधे : केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजची वास्तू वाचणाऱ्यांसाठी प्रस्तावना

सेंट जॉन्स कॉलेजच्या मोठ्या फाटकातून आत शिरलात की उजव्या हाताच्या हिरवळीवर एका लांबट इमारतीचा पाया आखून ठेवलेला दिसेल. भिंती नाहीत, छप्पर नाही. फक्त जोत्याची रेघ. इथे कॉलेजचे जुने चॅपेल होते. कॉलेज होण्याआधी सुमारे तीनशे वर्षे ते एका रुग्णालयाचे चॅपेल होते, आणि १८६९ च्या सुमारास ते पाडले गेले. बहुतेक पाहुण्यांना नदीवरच्या प्रसिद्ध पुलाकडे जायची घाई असते, त्यामुळे ते ही रेघ ओलांडून पुढे निघून जातात. या अभ्यासात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला माझी विनंती आहे की त्याने इथे थोडे थांबावे. जुन्या इंग्रजी कॉलेजांच्या वास्तूचा अभ्यास सुरू करायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. काय उभे आहे हे डोळ्यांना दिसतेच. काय उभे नाही, काय अर्धे राहिले आणि का राहिले, हे विचारायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

आधी 'कॉलेज' या शब्दाविषयी. आपल्याकडे हा शब्द मुंबई विद्यापीठाबरोबर रुळला. १८५७ साली स्थापन झालेले ते विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेले होते. कॉलेजांनी शिकवायचे, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची, अशी ती वाटणी. त्यामुळे मराठी माणसाच्या मनात कॉलेज म्हणजे वर्ग, फळा, हजेरीपट. केंब्रिज आणि ऑक्सफर्ड इथली जुनी कॉलेजे या अर्थाची नाहीत. तिथले कॉलेज म्हणजे मुळात एक घर. एका छपराखाली राहणारी, एका पंगतीला जेवणारी, एका वेदीपुढे प्रार्थना करणारी विद्वानांची मंडळी, आणि त्या मंडळींच्या पोटापाण्यासाठी कुणीतरी कायमच्या लावून दिलेल्या जमिनी. पदवी विद्यापीठ देते, व्याख्यानेही विद्यापीठाची. खोली, जेवण, ग्रंथ आणि मागे लागून अभ्यास करून घेणारा गुरू हे कॉलेजचे. हा फरक पक्का झाला की इमारत आपोआप उलगडू लागते, कारण घराला जे लागते तेच इथे सापडते : दार, चौक, स्वयंपाकघर, जेवणघर, देवघर, निजायच्या खोल्या. आपल्या दोन किंवा तीन चौकी वाड्यात वावरलेल्या माणसाला हा नकाशा परका वाटणार नाही. रस्त्याकडे पाठ, तोंड आत, आणि मधल्या मोकळ्या जागेभोवती सगळा संसार. त्या मोकळ्या जागेला केंब्रिजात 'कोर्ट' म्हणतात, ऑक्सफर्डात 'क्वॉड'. मी सरळ चौक म्हणणार आहे.

सेंट जॉन्सचे असे तीन चौक एकामागे एक नदीपर्यंत गेले आहेत आणि चौथा नदीपलीकडे आहे. सुमारे तीन शतकांत ते वाढत गेले, आणि प्रत्येक चौक कुणाच्या तरी पैशावर उभा राहिला. पैसा कधी आला, कुठे आटला, देणारा मध्येच मेला किंवा तुरुंगात गेला, हे सारे भिंतींवर उमटले आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की ही इमारत तिच्या सांध्यांतून वाचावी. जिथे वीट संपून दगड सुरू होतो, खिडकीची घडण बदलते, एक बाजू नटलेली आणि तिची जोडबाजू साधी राहते, तिथे बोट ठेवले की इतिहास बोलू लागतो. सुबक, एकसंध, एका हाताने पुरी केलेली इमारत सुंदर असेल, पण तिला सांगण्यासारखे कमी असते.

रुग्णालय सुमारे १२०० साली सुरू झाले. ऑगस्टिनियन पंथाचे बंधू गरीब आणि आजारी माणसांची सेवा करत. १२८० मध्ये ईलीचा बिशप ह्यू द बाल्शम याने या बंधूंच्या घरात काही विद्यार्थ्यांना राहायला पाठवले. सेवेकरी आणि अभ्यासू यांचे एका घरात जमले नाही, आणि १२८४ मध्ये विद्यार्थ्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला वेगळी जागा दिली गेली. ती जागा म्हणजे पीटरहाउस, केंब्रिजचे सर्वांत जुने कॉलेज. पहिल्या कॉलेजचे बी अशा रीतीने याच भूमीत पडले आणि दुसरीकडे रुजले. इथे कॉलेज व्हायला आणखी सव्वादोनशे वर्षे जावी लागली. तोवर रुग्णालय मोडकळीस आले होते.

लेडी मार्गारेट बोफर्ट ही सातव्या हेन्रीची आई. तेराव्या वर्षी आई झालेली, चार लग्ने पाहिलेली, राजघराण्यांच्या यादवीतून मुलाला सिंहासनापर्यंत नेणारी ही बाई. उतारवयात तिचा पैसा आणि लक्ष विद्येकडे वळले, ते तिचा धर्मगुरू जॉन फिशर याच्यामुळे. १५०५ मध्ये तिने केंब्रिजातच क्राइस्ट्स कॉलेज स्थापले. सेंट जॉन्सची योजना तयार होती, पण २९ जून १५०९ रोजी, नातू आठव्या हेन्रीचा राज्याभिषेक होऊन पाच दिवस झाले असताना, ती वारली. नव्या कॉलेजविषयीची तिची इच्छा कायद्याच्या कसोटीला उतरेल अशी नोंदली गेली नव्हती. जमिनींवर नातवाचा डोळा होता, आणि रुग्णालय ज्याच्या अखत्यारीत होते त्या ईलीच्या बिशपाचीही मनधरणी करावी लागणार होती. फिशरने दोन्ही आघाड्या लढवल्या. ९ एप्रिल १५११ रोजी सनद मिळाली, पण जमिनी बहुतांशी राजाकडे गेल्या. त्यांच्या जागी कॉलेजच्या पदरी पडल्या त्या डबघाईला आलेल्या धर्मसंस्थांच्या मिळकती : केंटमधले ओस्प्रिंगचे रुग्णालय, हायम आणि ब्रूमहॉल इथले जोगिणींचे मठ. एका बंद पडत चाललेल्या घराची मिळकत दुसऱ्या उगवत्या घराला, ही पुढे इंग्लंडभर झालेल्या मठमोडीची आधीच दिसलेली चुणूक होती. फिशरने कॉलेजला नियमावली लिहून दिली, ती दोनदा सुधारली, आणि १५३५ मध्ये राजाला धर्मप्रमुख मानायला नकार दिला म्हणून टॉवर ऑफ लंडनच्या कैदेतून त्याला शिरच्छेदासाठी नेण्यात आले. कॉलेजची संस्थापक म्हणून मार्गारेटचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पण फिशर नसता तर त्या फाटकातून कुणी आत गेले नसते.

त्या फाटकाजवळ थोडा वेळ घालवू. लाल विटांचा चौरस मनोरा, चारी कोपऱ्यांना बुरूज, मधोमध जड लाकडी दारे आणि त्यांत माणसापुरती छोटी दिंडी. वीट का? केंब्रिजच्या परिसरात बांधकामाचा चांगला दगड नाही. जवळपास मिळतो तो खडूचा मऊ दगड, आतल्या भिंतींना ठीक, पावसापुढे तग न धरणारा. टिकाऊ चुनखडक नॉर्दॅम्प्टनशर आणि आसपासच्या खाणींतून नदीमार्गे आणावा लागे आणि तो महाग पडे. ऑक्सफर्डच्या शेजारी चुनखडीच्या खाणी होत्या म्हणून ते शहर दगडी झाले. केंब्रिजने चिकणमाती भाजली. १५११ ते १५२० मध्ये उठलेला पहिला चौक म्हणून विटांचा आहे, आणि दगड फक्त कोपऱ्यांना, खिडक्यांच्या चौकटींना आणि कोरीव कामाला, जिथे विटेचे चालत नाही तिथे.

या कोरीव कामाकडे नीट पाहा. मध्ये राजघराण्याची ढाल, दोन बाजूंना दोन विचित्र पशू. त्यांचे अंग काळविटासारखे, तोंड बकऱ्याचे, शेपूट हत्तीचे, आणि शिंगे हवी तशी फिरवता येणारी. हा येल, बोफर्ट घराण्याचा कल्पित प्राणी. भोवती ट्यूडरांचा गुलाब, बोफर्टांचे जाळीदार दार, आणि जमिनीवर पसरलेली डेझीची फुले. डेझीला फ्रेंचमध्ये 'मार्गरीत' म्हणतात, म्हणजे ती फुले हीच बाईंची सही. शेजारी 'विसरू नको' या अर्थाच्या नावाची निळी फुलेही आहेत, तिच्या फ्रेंच बोधवाक्यातल्या आठवणीच्या उल्लेखाला जुळणारी. ज्या बाईने ही इमारत एकदाही पाहिली नाही तिची ओळख फिशरने दगडात अशी भरभरून कोरवली. मला हे इंग्लंडमधले सर्वांत हृद्य स्मारक वाटते. थडगे इथे नसताना असे स्मरण क्वचित कुणाच्या वाट्याला आले असेल. वरच्या कोनाड्यात संत योहानची मूर्ती आहे, पायाशी गरुड, हातात विषाचा पेला आणि त्यातून डोकावणारा साप. ही मूर्ती १६६२ ची. आधीची इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात उतरली, तेव्हा पार्लमेंटच्या फौजेने हाच पहिला चौक तुरुंग म्हणून वापरला होता. मनोरा १५१६ चा आणि मूर्ती १६६२ ची, हा आपला पहिला सांधा.

चौकात उभे राहून मोजा, की खोल्यांपर्यंत जायला किती दारे आहेत. लांबलचक व्हरांडा किंवा मधली वाट नाही. प्रत्येक दारामागे एक जिना, जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर दोन-दोन बिऱ्हाडे. एका जिन्याच्या माणसाला शेजारच्या जिन्यात जायचे तर चौकात उतरून यावे लागते. ही रचना पाच शतके टिकली, आणि तिच्यातून कॉलेजचा स्वभाव घडला. सोळाव्या शतकात एकेका दालनात एक फेलो, म्हणजे कॉलेजच्या मंडळीतला विद्वान, आणि त्याचे काही शिष्य एकत्र झोपत आणि भिंतीशी लाकडी आडोसे करून प्रत्येकाला वाचायची चिमुकली खोपी दिलेली असे. फेलोंनी लग्न करायचे नाही हा नियम होता, आणि तो १८८२ च्या नव्या नियमांपर्यंत कसोशीने पाळला गेला. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल याने १८७७ मध्ये मेरी पेली हिच्याशी लग्न केले तेव्हा त्याला सेंट जॉन्सची फेलोशिप सोडावी लागली. या घरात कुटुंबाला जागाच नव्हती. नकाशात कुठेही ती काढलेली नाही. इमारतीला बोलते करायचे तर असे नियम तिच्या शेजारी ठेवावे लागतात.

समोरच्या बाजूचे जेवणघर ओलांडून दुसऱ्या चौकात गेलो की एकदम मोकळे वाटते. १५९८ ते १६०२ या काळात राल्फ सायमन्स याने हा बांधला. त्याने काढलेले नकाशे कॉलेजच्या संग्रहात अजून आहेत, आणि इंग्लंडमधल्या कॉलेज-इमारतींचे इतके जुने नकाशे फार थोडे उरले आहेत. पैसा श्रूजबरीची काउंटेस मेरी हिचा. ही बेस ऑफ हार्डविकची मुलगी. बेसने डर्बीशरमधला हार्डविक हॉल बांधला, तेव्हा बांधकामाचा नाद मुलीला घरातूनच लागलेला असणार. कबूल केलेले सारे पैसे मात्र मेरीकडून पोचले नाहीत. तिची भाची आर्बेला स्टुअर्ट हिचा राजाच्या परवानगीशिवाय विवाह झाला, मेरीने तिला पळून जायला मदत केली, आणि १६११ मध्ये मेरी टॉवर ऑफ लंडनमध्ये गेली. चौक पुरा झाला होता, पण हिशोब पुरा झाला नव्हता. या चौकाच्या मनोऱ्यावर उभी असलेली तिची मूर्ती तिच्या भाच्याने, न्यूकॅसलच्या ड्यूकने, १६७१ मध्ये बसवून घेतली. उत्तरेकडच्या वरच्या मजल्यावरच्या लांब दालनात फेलो मंडळी आजही मेणबत्त्यांच्या उजेडात बसतात. मूळचे ते मास्टरचे, म्हणजे कॉलेजप्रमुखाचे, फिरायचे दालन. लाकडी तक्तपोशी आणि चुन्याचे नक्षीदार छत तेव्हाचेच.

दुसऱ्या चौकातून पुढे गेले की उजव्या अंगाला, तिसऱ्या चौकाच्या उत्तर बाजूला, ग्रंथालय आहे. माझ्या मते कॉलेजमधली ही सर्वांत विचार करून बांधलेली इमारत, आणि या विषयात नव्याने येणाऱ्याला सर्वांत जास्त शिकवणारीही. नदीकडच्या भिंतीवर १६२४ हे साल आणि चार अक्षरे आहेत. लॅटिनमधून उलगडली की त्यांचा अर्थ होतो : लिंकनचा जॉन, राजमुद्रेचा रक्षक. हा जॉन विल्यम्स, कॉलेजचाच माजी फेलो, पुढे लिंकनचा बिशप आणि राज्याचा लॉर्ड कीपर. खर्चाचा मोठा वाटा त्याने उचलला. १६२४ म्हणजे लंडनमध्ये इनिगो जोन्स इटालियन धाटणीची खांब-कमानींची वास्तू रुजवत होता तो काळ. या ग्रंथालयाच्या खिडक्या मात्र टोकदार कमानीच्या, दगडी जाळीच्या, चर्चच्या जुन्या वळणाच्या आहेत. हे अडाणीपणाने झालेले नाही. एक्सेटरच्या बिशपाने त्या वेळच्या मास्टरला कळवले होते की जाणकार मंडळींना अशा कामासाठी जुन्या चर्च-खिडकीचे वळणच जास्त शोभणारे वाटते. म्हणजे 'जुने वळण' ही तेव्हाच एक निवड झाली होती. गॉथिकचे पुनरुज्जीवन एकोणिसाव्या शतकात झाले असे आपण पाठ करतो. इथे उभे राहिले की ते विधान डळमळते. आत पुस्तकांची कपाटे अजून त्याच जागी आहेत, आणि त्यांच्या टोकाला छोट्या झडपांमागे जुन्या पुस्तकयाद्या आहेत. जाता जाता एक नोंद : विल्यम्सदेखील पुढे, १६३७ मध्ये, टॉवरच्या कैदेत गेला. फिशर, मेरी, विल्यम्स. या कॉलेजच्या तीन मोठ्या बांधकामांमागच्या तीन माणसांना तोच तुरुंग पाहावा लागला. दान आणि सत्ता यांच्यातले अंतर त्या काळी किती कमी होते, हे यातून जितके कळते तितके ग्रंथांतून कळत नाही.

तिसरा चौक १६६९ ते १६७२ चा. तो लवकर ओलांडला तरी चालेल. पुन्हा पहिल्या चौकात या आणि फाटकाकडे पाठ करून डावीकडची दक्षिण बाजू पाहा. पूर्व आणि पश्चिम बाजू लाल विटांच्या, ही मात्र करड्या घडीव दगडाची, सरळ चौकोनी खिडक्यांची. १७७२ ते १७७६ मध्ये जेम्स एसेक्स या केंब्रिजच्याच वास्तुकाराने तिला हा नवा मुखवटा चढवला. सगळाच चौक असा 'सुधारायचा' बेत होता. पैसे पुरले नाहीत. त्या पिढीला ही हळहळ वाटली असेल. आज आपण त्या टंचाईचे उपकार मानतो, कारण पूर्व आणि पश्चिम बाजूंच्या ट्यूडर विटा त्यामुळेच वाचल्या. याच दक्षिण बाजूच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या वर, कवी वर्ड्सवर्थ १७८७ पासून राहिला. खालचा गलबला त्याला ऐकू येत असे आणि त्याने तो पुढे कवितेत नोंदवला.

आता नदीपलीकडे. १८२६ ते १८३१ मध्ये बांधलेला 'न्यू कोर्ट' हा थॉमस रिकमन आणि हेन्री हचिन्सन यांचा. या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने रिकमनचे नाव ध्यानात ठेवावे. हा क्वेकर पंथाचा, वास्तुकलेचे रीतसर शिक्षण न घेतलेला माणूस. त्याने इंग्लंडभरची चर्चे पायी हिंडून पाहिली, खिडक्या-कमानींची टिपणे केली आणि १८१७ मध्ये मध्ययुगीन इंग्रजी वास्तूच्या शैलींची विभागणी मांडली. नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर ही नावे आज आपण सहज वापरतो ती या पुस्तकामुळे रूढ झाली. म्हणजे ज्याने आपल्याला हा विषय बोलायला शब्द दिले, त्यानेच बांधलेली इमारत इथे समोर आहे. ती पाहताना जाणवते की शब्द पकडणे आणि शैलीत श्वास घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यू कोर्टचा सांगाडा अभिजात वळणाचा : मधोमध शिखर, दोन्ही बाजूंना जुळी अंगे. त्याच्यावर गॉथिकचे बुरखे, कळस, कंगोरे. केंब्रिजची मंडळी त्याला लग्नाचा केक म्हणतात. मला तो आवडतो, तो लांबून, नदीकाठच्या गवतावरून. हचिन्सनने त्याला जुन्या चौकांशी जोडणारा झाकलेला पूल १८३१ मध्ये बांधला. व्हेनिसच्या पुलावरून त्याला 'ब्रिज ऑफ साय्ज' म्हणतात. साम्य एवढेच की दोन्हींवर छप्पर आहे. त्याच्या खिडक्यांना लोखंडी गज आहेत, कारण रात्री फाटके बंद झाल्यावर विद्यार्थ्यांनी पाण्याच्या बाजूने चढून आत येऊ नये.

आणि मग सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबईच्या वाचकाने इथे कान टवकारावेत. १८६० च्या दशकात कॉलेजने मोठे चॅपेल बांधायचे ठरवले आणि स्कॉटला बोलावले. तेराव्या शतकाच्या अखेरच्या धाटणीचे, पूर्वेला बहुकोनी टोक असलेले हे चॅपेल १८६९ मध्ये पुरे झाले. स्कॉटच्या मूळ आराखड्यात छपरावर फक्त एक बारीक शिखर होते. कॉलेजचे माजी विद्यार्थी हेन्री होअर यांनी मोठा मनोरा बांधलात तर दरवर्षी हजार पौंड देईन असा शब्द दिला. काम सुरू झाले, आणि रेल्वे अपघातात होअर दगावले. कॉलेजला काही हजार पौंडांची खोट आली. मनोरा तरीही पुरा केला, १६३ फुटांचा. त्याला घंटांसाठी झडपा ठेवल्या. घंटा मात्र आल्या नाहीत. तो आजही मुका आहे. मला हे चॅपेल त्या चौकाच्या मानाने फार मोठे वाटते. जुन्या चॅपेलची उंची शेजारच्या छपरांशी जुळणारी होती. हे उभे राहिल्यावर विटांचा चौक त्याच्या पायाशी बसल्यासारखा दिसू लागला. आत गेल्यावर मात्र छताच्या चित्रांकडे आणि रंगीत काचांतून येणाऱ्या प्रकाशाकडे पाहून ही तक्रार मवाळ होते.

त्याच वर्षांत त्याच स्कॉटच्या लंडनच्या कचेरीत मुंबई विद्यापीठाचे आराखडे तयार होत होते. प्रेमचंद रायचंद यांनी कापसाच्या तेजीत, १८६४ मध्ये, ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी देणगी दिली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतले यादवी युद्ध संपून बाजार कोसळला. तरीही दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये आणि ग्रंथालय व राजाबाई टॉवर १८७८ मध्ये उभे राहिले, मुंबई परिसरातल्या दगडात. स्कॉट मुंबईला एकदाही आला नाही. दोन देणगीदार, दोन मनोरे, एकच वास्तुकार. केंब्रिजचा मनोरा घंटेविना राहिला आणि फोर्टमधला टोले देऊ लागला, वेगवेगळ्या धून वाजवू लागला. ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवरकडे पाहत मोठा झालेला माणूस केंब्रिजच्या त्या मनोऱ्याखाली आला की त्याला ओळखीचा हात दिसतो. आपल्या वाचकासाठी हा या विषयातला सर्वांत जवळचा दरवाजा आहे असे मला वाटते.

दुसरा दरवाजा माणसाचा. दापोलीजवळच्या मुर्डी गावात जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर या कॉलेजात आले आणि १८९९ मध्ये गणिताच्या परीक्षेत संयुक्तपणे पहिले आले. सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. पुढे ते इथले फेलो झाले आणि मग पुण्यात फर्ग्युसनचे प्राचार्य. 'रँग्लर' हा शब्द मराठीत घरोघरी गेला तो त्यांच्यामुळे. या कॉलेजला गणिताची परंपरा होती : जॉन हर्शेल १८१३ चा सीनियर रँग्लर, नेपच्यूनचे गणित मांडणारा जॉन काउच ॲडम्स १८४३ चा, जोसेफ लार्मर १८८० चा. पुढे पॉल डिरॅक, फ्रेड हॉइल, अब्दुस सलाम इथलेच. मनमोहन सिंगही पन्नासच्या दशकात इथे अर्थशास्त्र शिकले. लार्मरची एक गोष्ट कॉलेजात सांगतात. मनोऱ्याच्या माथ्यावरून गायलेले खाली ऐकू जाणार नाही असे तो पैजेवर म्हणाला. १९०२ च्या असेन्शन दिनी गायकवृंद सिरिल रूथमबरोबर वर चढला आणि स्तोत्र गायला. काय चालले आहे हे पाहायला लार्मरने खिडकी उघडली, आणि पैज तिथेच निकालात निघाली. तेव्हापासून त्या दिवशी वृंद वर जाऊन गातो. घंटा नसलेल्या मनोऱ्याला वर्षातून एकदा असा आवाज मिळतो.

स्त्रियांना हे घर १९८१ मध्ये पदव्युत्तर आणि १९८२ मध्ये पदवीच्या विद्यार्थिनी म्हणून उघडले. एका बाईच्या पैशावर स्थापलेल्या, दुसऱ्या बाईच्या पैशावर वाढलेल्या घराला त्यासाठी ४७० वर्षे लागली. विसाव्या शतकाची इमारत पाहायची तर नदीपलीकडे पॉवेल आणि मोया यांनी बांधलेली क्रिप्स इमारत, १९६७ ची, पाण्याच्या कडेने वळत गेलेली. काँक्रीट आणि पोर्टलंड दगड, आणि आत पुन्हा तेच जिने. तिच्याजवळ 'स्कूल ऑफ पायथागोरस' या नावाचे सुमारे १२०० सालचे दगडी घर आहे. केंब्रिजमधली ही सर्वांत जुनी धर्मेतर वास्तू जवळजवळ सात शतके ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या मालकीची होती आणि १९५९ मध्ये सेंट जॉन्सकडे आली. आता तिथे कॉलेजचे जुने कागद जपले आहेत.

कागदांवरून पद्धतीविषयी एक शब्द. हा विषय शास्त्र झाला तो रॉबर्ट विलिस या यंत्रशास्त्राच्या प्राध्यापकामुळे. तो इमारतीकडे यंत्रासारखा पाही : हा भाग आधी बसला असेल की नंतर, याशिवाय तो उभा राहू शकेल का. मग तो हिशोबवह्या काढून भिंतीशी ताडून बघे. १८७५ मध्ये तो वारला, आणि त्याचा भाचा जॉन विलिस क्लार्क याने काम पुरे करून १८८६ मध्ये केंब्रिजच्या वास्तूंचा इतिहास चार खंडांत छापला. आजही पहिला आधार तोच. भिंत आणि वही यांपैकी एकीवरच विसंबणारा इथे फसतो. वहीत ठरलेले काम कधी झालेलेच नसते, आणि भिंत कुणी पैसे दिले ते सांगत नाही.

ज्या वाचकाला केंब्रिजला जाणे जमेल त्याने शेवटी नव्या चॅपेलमध्ये वेदीच्या दक्षिणेच्या भिंतीकडे जावे. तिथे एक जुने दगडी कुंड बसवलेले आहे, एकमेकींत गुंतलेल्या कमानींखाली, पूजेची भांडी धुण्याचे. ते तेराव्या शतकातले, रुग्णालयाच्या चॅपेलमधले. जुने चॅपेल पाडले तेव्हा स्कॉटने ते नव्यात आणून बसवले. बाहेरच्या गवतातली रेघ आणि आतले हे कुंड एकाच इमारतीचे आहेत, आणि दोन्हींमध्ये चालत जायला एक मिनिट लागते.